रुमालाखालचा विजय

२ नोव्हेंबर, रविवार. दुसरबीड

मी जिंकलो. हे आधी लिहून ठेवतो, कारण आज दुकानात हजर असलेल्यांपैकी एकही माणूस कबूल करायला तयार नाही.

पडद्यावर हिरव्या अक्षरात आलं होतं, "गजेंद्रची पेठ विजयी". तर धम्मरत्न उठला आणि सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं.

"हे काय बे?" मी म्हणालो.

"लाइट गेली."

डोक्यावर पंखा फिरून राह्यला होता.

"मी जिंकलो होतो, धम्म्या."

"तू? तू तं खेळलाच नाही. आम्ही इकडी मरून राह्यलो अन् तू तिकडी विहिरी खोदून राह्यला. लढले आम्ही, हार घालायचा तुले?"

मी अकीलकडे पाहिलं. दुकान त्याचं, पुढं मोबाइल दुरुस्ती आणि मागच्या खोलीत चार जुने कॉम्प्युटर. माझा लहानपणचा दोस्त. त्यानं तरी न्यायानं बोलावं! तर तो म्हणतो, "छोड ना यार, चहा सांगतो."

चहा! माणसाचा विजय हिसकून घ्यायचा आणि वर चहा पाजायचा. प्यायलो, पण साखर कमी होती.

रागाच्या भरात खेळाचं सांगायचं राह्यलं. "पाच पेठा" हा खेळ अकीलच्या बहिणीनं, सफानं बनवला. ती बुलढाण्याला कॉलेजात कॉम्प्युटर शिकते, दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेली आहे. डोंगरात पाच बाजारपेठा आहेत. चार आपल्या, पाचवी कॉम्प्युटर चालवतो. बाकी सगळ्यांच्या वेशी पाडल्या की एक विजय. दुसरा शांततेचा. विहिरी, मंडई, शाळा, दवाखाना बांधत जायचं, तसा पेठेचा मान वाढतो, शंभर मान झाला की जिंकला. हा दुसरा विजय माझ्या डोक्यातून निघाला आहे. सफा म्हणालीच होती, "गजूभाई, हे तुमचं." आयुष्यात मी शेवटास नेलेली ही एकच गोष्ट. आयटीआय अर्धं राह्यलं, पुण्याचं हॉटेल अर्धं, पंजाबातलं हार्वेस्टर एक हंगाम आणि वरचे चार दिवस.

आज मी काय केलं? पहिल्याच पाळीला घाट बंद केला. माझ्या पेठेत यायला तो एकच रस्ता. मग आरामात बांधत बसलो. एक माणूस मेला नाही माझ्या राज्यात. आणि हे म्हणतात खेळलाच नाही! म्हणजे कापाकापी केली तरच खेळलो, असं का?

३ नोव्हेंबर

सफानं सांगितलं आहे की खेळताना काय चुकतं, काय आवडतं, ते वहीत लिहून ठेवा, मले सुधारणा करता येतील. ती वही हीच. पण कालचं पान वाचलं तर हे तिला दाखवण्यासारखं नाही. तिच्यासाठी दुसरी आणीन.

आज तिच्यासमोर न्याय मागितला. ती स्टुलावर बसून पायानं झोका घेत ऐकत होती.

"जीत तुमचीच आहे गजूभाई. पण मजा कुणाले आली?"

"मले आली."

"बाकीच्यांले?"

"त्यांनी पाहावं ना माझी पेठ. कशी वसवली."

"पाहतील कशी? घाट तं तुमी बंद केला होता."

धम्मरत्न हसला. तो शेगावकडून येणाऱ्या गाड्यांचे टायर बदलतो, वजन उचलून हात असे झालेत. त्याला हसायला काय जातं?

मग तिनं मुद्द्याचं सांगितलं. बावीस तारखेला कॉलेजात प्रदर्शन आहे. "पाच पेठा" ती तिथं मांडणार. लोक येऊन खेळणार, सर बघणार, बाहेरून कोणी खेळ बनवणारे पण येणार आहेत म्हणे. आणि शांततेचा विजय ती काढून टाकणार!

"त्यात दुसऱ्याले काही करताच येत नाही," ती म्हणाली. "एक जण कोपऱ्यात बसून मान मोजतो, बाकीच्यांले कळतं तेव्हा खेळ संपलेला. हा विजय नाही, गजूभाई, वाट पाहणं आहे."

"मग सगळ्यांनी एकमेकांचे गळेच कापायचे का?"

"तसं नाही. दुसऱ्याले आडवं येता आलं पायजे. तलवार न काढता. तसं काही सुचत असेल तर सांगा. मी सोळाले बुलढाण्याले चालली, त्याच्या आत."

भांडणं माझ्या स्वभावात नाही. शांतपणे बॅग उचलली आणि निघालो. शटर जरा जोरात आदळलं, पण ते शटरच तसं आहे.

४ नोव्हेंबर. लोणार

जायचं होतं साखरखेर्ड्याला, मामाकडे. रस्त्यावर हात केला तर पाइप भरलेला ट्रक थांबला, तो लोणारला चालला होता. ड्रायव्हरचा स्वभाव चांगला वाटला म्हणून बसलो. मामा काही पळून जात नाही.

सरोवराच्या काठावर बसून लिहितो आहे. चारी बाजूंनी कडा, मध्ये हिरवं पाणी. कोणी आत येत नाही, कोणाचा त्रास नाही. माझी पेठ अगदी अशीच होती. शेजारी एक म्हातारे बसले होते, त्यांना म्हणालो, काय निवांत जागा आहे. ते म्हणाले, "निवांत राहीनच ना. या पाण्यात मासा जगत नाही, बाबू." त्याचा इथं काय संबंध ते कळलं नाही.

माकडानं भेळेचा पुडा पळवला. मी विरोध केला नाही.

बहिणीचा, जयमालाताईचा फोन आला. उचलला नाही.

६ नोव्हेंबर. साखरखेर्डा

काल संध्याकाळी मामाकडे पोचलो. पुंजाजीमामा गुरांच्या बाजारात दलाली करतो. माणूस कमी बोलतो, मामी त्याचंही बोलून घेते.

काल रात्री अकीलशी फोनवर डोकं लावलं. मी म्हणालो, शंभराच्या जागी दोनशे मान करा, म्हणजे धम्म्याला अडवायला वेळ मिळेल. त्यांनी रात्रीतून तसं खेळून पाहिलं. अकील म्हणतो, "गज्या, मी झोपलो यार. खरंच झोपलो. माउसवर डोकं ठेवून."

मग मी म्हणालो, दुसऱ्याच्या पेठेत चोर पाठवता आले पाहिजेत. दुपारी त्याचा फोन आला. चोरांनी धम्मरत्नचं गोदाम पेटवलं, धम्मरत्ननं फौज आणली, फिरून तीच कापाकापी.

जो उपाय काढावा तो मारामारीवरच जाऊन थांबतो. मी विचारतो, या जगात तलवारीशिवाय कोणाला कोणाच्या आडवं येताच येत नाही का? मग शाळेत शांततेवर निबंध काऊन लिहून घेतात?

ताईचा पुन्हा फोन. उचलला नाही. ती देऊळघाटला राहते, भाऊजींचं शेत आहे तिथं. उन्हाळ्यात भाऊजींनी, वामनरावांनी, मला बुलढाण्यात खताबियाण्यांच्या दुकानात लावून दिलं होतं. मालक म्हणाला, पोरगा जागेवर थांबत नाही. आता समोर मदाऱ्याचा खेळ चालला असेल तर माणूस दोन मिनिटं बघणार नाही का? मी त्याला उलट बोललो नाही, भाऊजींनाही काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी गेलोच नाही, पंजाबच्या गाडीत बसलो. एका शब्दाचं भांडण नाही! इतक्या शांततेनं कोणी नोकरी सोडली असेल तर दाखवावं. तरी घरातले सगळे असे वागतात जसं मी कोणाला मारून आलो.

९ नोव्हेंबर

आज बाजार होता. माझा अपमान झाला. सविस्तर लिहितो.

मामानं सोबत नेलं. बैल, गोऱ्हे, म्हशी, धूळ, शेण, आणि भज्यांची एक अशी गाडी की मी तिथंच अर्धा तास. मामानं येऊन कॉलर धरून नेलं.

बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. घेणारा आणि दलाल हातात हात घेतात, वरून रुमाल टाकतात, आणि आत बोटं दाबतात. जितकी बोटं तितके दहा हजार, वरच्या सुट्या हजारांची खूण वेगळी. बाहेर उभे असलेल्यांना फक्त तोंडं दिसतात. तोंडावर काही दिसू द्यायचं नाही. मामाचं तोंड तर एरवीही तसंच असतं.

एका पांढऱ्या जोडीवर तीन गिऱ्हाइकं होती. एक येतो, रुमालात हात घालतो, मान हलवून बाजूला जातो. दुसरा येतो. पहिला दुरून बघतो, पुन्हा येतो. जोडीचा मालक आपला खांद्यावर हात टाकून बैलाशी बोलतो आहे. तेवढ्यात मामाला कोणी हाक मारली. तो मला म्हणाला, "हात देऊन उभा राह्य. काय दाबलं ते मले येऊन सांग. तोंड उघडू नको."

आधी टोपीवाला बोटं दाबून गेला, मग दाढीवाला आला. रुमालाखाली माझी बोटं दाबली. मला राग आला. इतकी चांगली जोडी आणि हा असा भाव! माझ्या तोंडून निघून गेलं, "एवढेच? त्या टोपीवाल्यानं तं आत्ताच याच्याहून वर दिले!"

सगळा बाजार थांबला. बैलसुद्धा.

टोपीवाला म्हणाला, "माहा भाव चौकात सांगून राह्यला का बे?" दाढीवाल्यानं रुमाल झटकला. तिसरा तर बोलायला थांबलाच नाही. जोडीचा मालक दोर सोडून बैल घेऊन दुसऱ्या दलालाकडे गेला. मामा आला तेव्हा मी एकटाच उभा होतो, हात पुढे केलेला.

"खोटं बोललो का मी?" मी म्हणालो.

"खरं बोलायले कोणी सांगतलं होतं तुले?" मामा म्हणाला. "रुमालाखालचं तोंडावर आणलं. आता आजच्या दिवस माह्या रुमालात कोणी हात घालते का पाह्य."

कोणी घातला नाही. मी तरी म्हणतो, खरं बोलणं हा गुन्हा कधीपासून झाला? लपूनछपून बोटं दाबायची, मनात एक ठेवायचं, तोंडावर दुसरं, आणि म्हणायचं व्यवहार! असल्या बाजाराला मी नमस्कार करतो. मामी म्हणाली, जेवून घे. जेवलो. वांग्याची भाजी होती.

१० नोव्हेंबर

सकाळी तोंड धुताना लक्षात आलं.

कालच्या त्या तिघांत कोणी कोणाला मारलं? नाही. पण आडवे आले का? असे आले की घाम फुटला होता एकेकाला! टोपीवाला दाढीवाल्याचं तोंड वाचत होता. दाढीवाला मुद्दाम दुसऱ्या बैलाचे दात बघत होता, नजर मात्र याच जोडीवर. आणि मालक जोडी सोडवून कधीही निघून जाऊ शकत होता, आणि गेलाच.

तोंडात ब्रश तसाच ठेवून सफाला फोन केला.

"काय बोलून राह्यले गजूभाई? नीट बोला."

थुंकून पुन्हा सांगितलं. मान मोजणं बंद. त्याऐवजी प्रत्येक पेठेत कारागीर पाहिजेत. विणकर, कुंभार, लोहार, वैद्य. दर पाळीला कोणीही दुसऱ्याच्या कारागिरावर रुमाल टाकू शकतो. रुमाल टाकला ते सगळ्यांना दिसेल. आत किती धान्य देऊ केलं ते दिसणार नाही. ज्याचा कारागीर आहे त्यानंही रुमालाखालीच उत्तर द्यायचं, आणि दिलेलं धान्य परत येणार नाही. ज्याचं जास्त त्याच्याकडे तो जाणार, आपल्या पायानं. चारी प्रकारचे कारागीर बाहेरून येऊन तुमच्या पेठेत एक हंगाम टिकले की तुम्ही जिंकले.

तिनं तिकडी कागद-पेन मागितल्याचं ऐकू आलं.

"अन् फौज घेऊन गेलं तर?"

"कारागीर पळून शेजारच्या पेठेत जाणार. फौज पाहिल्यावर कोण थांबते?"

"अन् घाट बंद केला तर?"

याचा मी विचार केला नव्हता. "तर... रुमाल टाकता येणार नाही," मी म्हणालो.

"म्हंजे कोणी नेणार नाही, पण कोणी येणार बी नाही."

"हाव."

"या तुमी," ती म्हणाली. "लगेच या. रस्त्यात कुठी थांबू नका."

मामाला सांगितलं की तुझ्या बाजारातून शांततेचा मार्ग निघाला. तो म्हणाला, "जोडी तं नाही निघाली." निघताना मात्र खांद्यावरचा रुमाल काढून दिला. नको म्हणालो तर म्हणे, आठवडाभर माह्या कामाचा नाही तो.

१२ नोव्हेंबर. दुसरबीड

थांबलो नाही. म्हणजे एकदाच, मेहकर फाट्यावर कुस्त्या होत्या.

सफा काल सकाळपासून कॉम्प्युटरला चिकटली आहे. तिची अम्मी मध्ये मध्ये येऊन म्हणते, डोळे जातील. मला तिनं मागं उभं राहून बोलायला मनाई केली आहे. माझाच विजय, आणि मीच तोंड बंद ठेवायचं! अकीलनं मला मोबाइलच्या काचा पुसायला बसवलं. आजवर केलेल्या सगळ्या नोकऱ्यांत ही सगळ्यात बेकार. पगार नाही, कारण नोकरीच नाही.

धम्मरत्नला नियम सांगितले. तो म्हणतो, "म्हंजे आता फौज काय भाकरी भाजायले ठेवायची?" मी म्हणालो, तुझ्या डोक्यात फौजेशिवाय काही आहे का? तो म्हणाला, टायर आहे.

ठरलं असं की शनिवारी चौघांनी शेवटचा डाव खेळायचा. धम्मरत्नला तलवार न काढता लढावंसं वाटलं तर शांततेचा विजय राहील. नाही तर सफा तो काढून घेऊन जाणार. हा काय इन्साफ झाला? माझ्या पोराची परीक्षा, आणि पेपर तपासायला शेजारचा वळू! सफाला तसं म्हणालो. ती म्हणाली, "दुसऱ्या कोणाले आवडून काय फायदा? त्याले आवडलं तं सगळ्यांले आवडेल."

१५ नोव्हेंबर

लिहिताना दोनदा कागद फाटला. रागानं.

सुरुवातीला सगळं नीट चाललं होतं. सवयीनं मी घाट बंद केला. दोन पाळ्या गेल्या, माझ्याकडे कोणी आलं नाही, आणि शेजारी अकीलच्या पेठेत कुंभाराची भट्टी, विणकराचे माग, नुसती धमाल. नाइलाजानं घाट उघडला. उघडताच अकीलनं माझ्या लोहारावर रुमाल टाकला. साला, दोस्त म्हणवतो! पण मी टिकवला. मग मी त्याचा विणकर आणला. सफाचा वैद्य आणला. पाचव्या पेठेचा लोहारही आणला. तीन झाले. एक कुंभार पाहिजे होता फक्त.

धम्मरत्ननं फौज बाळगली होती, नेहमीसारखी मोठी. पण हल्ला करेना. घाटाघाटावर पहारा लावून बसवली. कारागीर लोक त्याच्या रस्त्यानं बिनधास्त जाऊ लागले. मला तेव्हाच संशय यायला पाहिजे होता.

मग तो माझ्या वैद्यावर रुमाल टाकायला लागला. दर पाळीला. वैद्य गेला की माझे तिनाचे दोन. मी धान्य ओतलं. पुढच्या पाळीला पुन्हा रुमाल. पुन्हा ओतलं. गोदामाचा तळ दिसायला लागला. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो स्क्रू ड्रायव्हरनं कान कोरत होता.

"किती देऊन राह्यला बे एका वैद्यासाठी?" मी विचारलं.

"रुमालाखालचं सांगत नसतात. तूच तं नियम केला."

पुढच्या पाळीला वैद्यावर रुमाल, आणि सोबत विणकरावर, आणि लोहारावर. माझ्याकडे देण्यासारखं उरलंच नव्हतं. मी सगळं वैद्याला दिलं. विणकर गेला. लोहार गेला. कुंभार सफाकडून आणि वैद्य अकीलकडून त्यानं आधीच मूठमूठ धान्यावर नेले होते, माझं लक्ष वैद्यावर असताना. एक हंगाम गेला. हिरवी अक्षरं आली, "धम्मरत्नची पेठ विजयी".

सफानं सगळे हिशोब उघडून दाखवले. माझ्या वैद्यावर त्यानं इतक्या वेळा रुमाल टाकला, आत काय होतं? काही नाही! शून्य! रिकामा हात! रिकामा हात पुढे करून त्यानं माझं भरलेलं गोदाम संपवलं.

"ही फसवणूक आहे!" मी म्हणालो.

"मी मारलं का तुले?" धम्मरत्न उभा राहून नाचत होता. एवढा देह, खोली हलत होती. "बोट तरी लावलं का? शांततेनं जिंकलो बे! अकील, पाहलं का? फौज असून बी शांततेनं! आणखी एक डाव लावा. लावा लवकर!"

सफा हसून राह्यली होती. मला म्हणाली, "राह्यला तुमचा विजय, गजूभाई."

माझा कुठं? त्याचा! माझ्याच नियमानं, माझ्याच रुमालानं, मलाच लुटलं, आणि वर अभिनंदन माझं!

मी शांतपणे बॅग उचलली.

धम्मरत्न नाचायचा थांबला. "चालला का? घाट बंद?"

"मी काही बंद-बिंद करत नाही," मी म्हणालो. तेवढ्यात खिशात फोन वाजला. ताई. तिघेही माझ्याकडे बघत होते. आता त्यांच्यासमोर न उचलून कसं चालेल? उचलला.

ताई म्हणाली, "उचलला? मी तं सवयीनं लावला होता."

"बोल ना."

"काही नाही रे. हे विचारून राह्यले होते, गजू कुठी आहे म्हणून."

"कोण, भाऊजी? शिव्या द्यायले?"

"जेवते का नीट, म्हणून."

प्रदर्शनाला बुलढाण्याला येणार आहे एवढं सांगितलं. मग बॅग खाली ठेवली, कारण धम्मरत्ननं डाव लावून टाकला होता आणि माझ्या लोहारावर रुमाल टाकूनही बसला होता. तो पण रिकामाच निघाला. पुढच्या पाळीचा मात्र खरा.

१८ नोव्हेंबर

सफा परवा गेली. जाताना तिनं खेळाच्या शेवटी नावं येतात तिथं लिहिलं आहे, "रुमालाचा नियम : गजेंद्र, साखरखेर्डा". मी म्हणालो, मी तिथला नाही, तिथं मामा राहतो. तर म्हणे, "मग तुमचं गाव कोणतं लिहू?" पटकन सांगता येईना. राहू दिलं.

२२ नोव्हेंबर. देऊळघाट

प्रदर्शन झालं. बाकी टेबलांवर माश्या होत्या, आमच्यावर माणसं. एक मास्तर आणि त्यांचाच विद्यार्थी एका कुंभारासाठी असे इरेला पेटले की घंटा झाली तरी उठेनात. बाहेरून आलेल्या पाहुण्यानं सफाचा नंबर घेतला. मला विचारलं, ही कल्पना कुठून सुचली? मी बाजाराचं सांगायला लागलो, तर तो मध्येच फोन घेऊन निघून गेला. लोकांना ऐकून घ्यायची सवयच नाही.

धम्मरत्न आणि अकील संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. मी त्यांच्यासोबतच चढलो होतो. मग उतरलो. देऊळघाट तर जवळच आहे, येता येता बघून जाऊ, म्हणून.

ताईनं दार उघडलं. तशीच आत गेली, आणि भांड्यांचा आवाज आला. भाऊजी बाहेर ओट्यावर बसले होते, वेचलेल्या कापसाच्या गाठोड्याला टेकून. मीही बसलो, थोडा लांब. माझी तयारी होती. खतांच्या दुकानाचं काढलं असतं तर मी मदाऱ्याचं सगळं सांगणार होतो. त्यांनी काढलंच नाही. म्हणजे बोलायची सोयच ठेवली नाही.

माझ्या खांद्याकडे बघून म्हणाले, "हा रुमाल पुंजाजीचा ना?"

"हाव. मामानं दिला."

"बाजारात तोंड उघडलं म्हणे तू."

ही बातमी इथवर आली! मी म्हणालो, खरं बोललो होतो. त्यांच्या तोंडावर काही दिसेना. हेही बाजारात जाणारे, यांचं काय दिसणार?

"मग," ते म्हणाले, "आता किती दिवस मुक्काम?"

मी म्हणालो, तुम्ही सांगा. माझ्या खांद्यावरचा रुमाल त्यांनी काढला, आपल्या हातावर टाकला आणि हात पुढे केला. मी आत हात घातला. आता कळेल म्हटलं, यांच्या मनात माझी किंमत किती. एक बोट दाबतात की दोन. दोन असते तर मी तीन मागणार होतो, तसं ठरवूनच ठेवलं होतं.

त्यांनी बोट दाबलंच नाही. नुसता हात धरला. मी वाट पाहून राह्यलो. त्यांचा हात खरबरीत आणि गरम. समोर रस्त्यावरून एक रेडा चालला होता, ते त्याच्याकडेच बघत होते. ताई ताट वाढलं म्हणून दोनदा सांगून गेली, तरी त्यांनी सोडला नाही.

आता मला सांगा, हा काय व्यवहार झाला? एक नाही, दोन नाही, भाव सांगितलाच नाही. मी विचार करकरून थकलो. धम्मरत्नसारखा रिकामा हात म्हणावा तर तसा तो वाटत नव्हता. उद्या सकाळी स्पष्ट विचारणार आहे.